चौकशीला म्हणून नेलं, रात्रभर मारलं, हातात कागद एकही नाही. आता काय करायचं?

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. गावाचं आणि पोलीस स्टेशनचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, समजून घ्या.

माझा मावसभाऊ, वय 22, तालुक्याला मोबाईल रिपेरिंगच्या दुकानात कामाला आहे. शेजारच्या दुकानाचं शटर उचकटून चोरी झाली. काल रात्री नऊच्या सुमारास साध्या कपड्यातली दोन माणसं बाईकवर आली, साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे म्हणाली आणि याला दोघांच्या मधे बसवून घेऊन गेली. नावं सांगितली नाहीत, कागद दाखवला नाही, नंतर कळलं डीबीची (स्टेशनच्या गुन्हे शोध पथकाची) माणसं होती. मावशी अकरा वाजता स्टेशनला गेली तर ठाणे अंमलदार म्हणाला असा कोणी इथे आणलेलाच नाही, आणि मावशी म्हणते आतून त्याच्या ओरडण्याचा आवाज येत होता. ती बाहेर कट्ट्यावर पहाटेपर्यंत बसून होती.

आज दुपारी सोडला. तळपायावर पट्ट्याने मारलंय, पाय टेकवत नाहीये, पाठीवर वळ आहेत. एका कोऱ्या कागदावर सही घेतली, मोबाईल ठेवून घेतला, बोलावलं की यायचं आणि बाहेर बोललास तर आत घालू असं सांगितलंय. अटक दाखवली नाही, कोर्टात नेलं नाही. ओळखीचा एक हवालदार म्हणतो 24 तासाच्या आत सोडलंय ना मग बेकायदेशीर काही नाही. हे खरं आहे का? आणि तक्रार केली तर खोट्या केसमधे अडकवतील ही मावशीला भीती आहे, ती म्हणते पोरगा जिवंत आला हेच खूप, गप्प बसा. मला गप्प बसवत नाहीये. जाणकारांनी प्लीज सांगा.

अपघात_विभाग

बाकी सगळं नंतर, आधी त्याला आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या. ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथे, पण सरकारी दवाखाना बघा म्हणजे कागद पक्का होतो. मी कॅज्युअल्टीत काम करतो म्हणून सांगतो, वळ दोन-तीन दिवसात रंग बदलतात आणि तळपायाची सूज तर त्याहून लवकर उतरते, मग तुम्ही काहीही सांगा, दिसणार काहीच नाही.

केसपेपर काढतानाच स्पष्ट सांगा की मारहाण झालीय, एमएलसी करा, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून जखमांची रीतसर नोंद. डॉक्टर विचारतील कोणी मारलं, कशाने, कधी. तिथे लाजू नका, घाबरून जिन्यावरून पडलो असं तर अजिबात सांगू नका, कारण एकदा केसपेपरवर पडलो असं आलं की पुढे दोन वर्षांनी कोर्टात तोच कागद तुमच्या विरोधात वाचला जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पोलिसांनी पट्ट्याने मारलं, अमुक रात्री, अमुक ठिकाणी, हे त्याच्या तोंडून त्याच्याच शब्दात लिहून घ्यायला सांगा. प्रत्येक जखम वेगळी नोंदवायला सांगा, लांबी-रुंदी, रंग, जागा. तळपायाचा एक्स-रे मागा. लघवीचा रंग लाल किंवा चहासारखा गडद झाला असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, जास्त मारलं की स्नायूंना इजा होऊन किडनीवर ताण येतो, हे हलक्यात घेऊ नका.

फोटो तुम्ही पण काढा, चेहरा आणि जखम एका फ्रेममधे येईल असा एक तरी, आणि मूळ फोटो मोबाईलमधून उडवू नका.

ॲड_कृष्णाकाठ

जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो. सविस्तर लिहितो, मोठं होईल.

पहिलं म्हणजे 24 तासांबद्दल. हवालदारांनी जे सांगितलं ते चूक आहे आणि हा गैरसमज इतका पसरलाय की पोलिसांना स्वतःलाही तो खरा वाटतो. संविधानाच्या कलम 22 मधे आणि बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 58 मधे जे 24 तास आहेत ते अटक केलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याची कमाल मुदत आहे. 24 तास कोणालाही उचलून बसवून ठेवायची परवानगी नाही ती. चौकशीसाठी बसवलंय नावाची तिसरी अवस्था कायद्यात नाहीच, एकतर माणूस अटकेत आहे, नाहीतर तो त्या क्षणी उठून घरी जायला मोकळा आहे. तुमच्या भावाला अटक न दाखवता रात्रभर ठेवलं म्हणजे ती बेकायदेशीर डांबणूक झाली, बारा तासांची असो की दोन तासांची.

आता अटक करायचीच होती तर काय करायला हवं होतं ते बघा. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या 1996 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले आणि आता त्यातले बरेच थेट बीएनएसएसमधे आलेत. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर करायचा, त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची पण सही (कलम 36). अटकेची कारणं सांगायची (47), नातेवाईकाला कळवायचं (48), अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला द्यायची (53), चौकशी चालू असताना वकिलाला भेटू द्यायचं, पूर्ण वेळ नाही पण भेटू द्यायचं (38). नोव्हेंबर 2025 मधे तर सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच मिहिर शाह प्रकरणात सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची, मग गुन्हा कुठलाही असो.

आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तर आधी अटक हा रिवाजच नाही. 2014 च्या अर्नेश कुमार निकालापासून नियम असा आहे की अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची, आता ती बीएनएसएस 35(3) ची. फोनवर या म्हणणं किंवा बाईकवर बसवून नेणं म्हणजे नोटीस नव्हे.

कबुलीसाठी मारणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, बीएनएस (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) कलम 120, साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब तसाही पुरावा म्हणून चालत नाही. कोऱ्या कागदाचं टेन्शन घेऊ नका पण आजच्या आज लेखी कळवा की अमुक तारखेला मारून कोऱ्या कागदावर सही घेतली, तो कागद वापरला गेला तर मला मान्य नाही. ही तक्रार त्या कागदाच्या वापराआधीची तारीख घेऊन पडलेली असली पाहिजे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही मागायची नसते, तेव्हा पुढेही कशावर सही करायची नाही.

तक्रार अशी टाका: जिल्हा पोलीस अधीक्षकांना, त्याच्या प्रती राज्य मानवी हक्क आयोग आणि पोलीस तक्रार प्राधिकरणाला. त्यात घटनाक्रम तासानुसार, आणि एक वाक्य न विसरता: त्या रात्रीचं स्टेशनचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवावं. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2020 मधे सुप्रीम कोर्टाने प्रत्येक पोलीस स्टेशनात आवाजासह कॅमेरे बसवायला सांगितलेत, गेट, लॉकअप, व्हरांडा, ड्यूटी ऑफिसरची खोली, सगळीकडे, आणि रेकॉर्डिंग 18 महिने ठेवायचं, तशी यंत्रणा मिळत नसेल तर निदान एक वर्ष. मावशी अकरा वाजता आत गेली आणि नाही म्हणून सांगितलं गेलं ते त्यात असणार. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तरी ते लेखी घ्या, तेही कामाचं आहे.

पांढरा_वाडा

वकील साहेबांनी लिहिलंय ते पुस्तकात बरोबर आहे हो पण तालुक्याला राहायचं असतं. आमच्या आळीत एकाने असाच अर्ज केला, सहा महिन्यांनी त्याच्यावर दारूची केस लागली. कलमं वाचून पोट भरत नाही. त्या पोराला महिनाभर मामाकडे पाठवा, मोबाईल गेला तर गेला, नवीन घ्या. एसपीकडे अर्ज म्हणजे तो अर्ज चौकशीसाठी फिरून त्याच स्टेशनला येतो. वाईट वाटून घेऊ नका, काळजीनेच सांगतोय.

मोगरा_खडकी

दादा तुमची भीती खोटी नाही पण एका गोष्टीवर बोलू द्या. माझे बाबा पोलीस होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. बारा बारा तास बंदोबस्त, गणपतीत सलग ड्यूटी, सणाला घरी नाहीत, हे सगळं आम्ही भोगलंय, त्यामुळे वर्दीबद्दल मला राग नाही. पण बाबा नेहमी सांगायचे की मारून केस उघडली की खरा चोर मोकळा राहतो, कारण मार खाल्लेला माणूस कोणाचंही नाव घेतो. वरून डिटेक्शनचा आकडा मागतात, माणसं कमी, फॉरेन्सिकला पाठवलेलं महिनोन्‌महिने येत नाही, म्हणून पट्टा निघतो. हे कारण झालं, माफी नाही. ज्याने स्टेशन डायरीत नोंद नीट केली, नोटीस देऊन बोलावलं, त्याला तक्रारीची भीती कधीच नसते. बाबांनी एवढ्या वर्षात एकदाही कोणाला नोंदीशिवाय आत बसवलं नाही आणि त्यापायी साहेबांची बोलणी खाल्ली.

तेव्हा तक्रार म्हणजे पोलिसांच्या विरोधात जाणं असं मला वाटत नाही. मामाकडे पाठवायचं तर पाठवा, पण अर्ज देऊन मग पाठवा. नाहीतर उद्या फरार होता म्हणतील.

पालावरची_शाळा

हे वाचून हात थरथरतायत. मी पारधी वस्तीवर काम करते. इथे चोरी झाली की तपास सुरू व्हायच्या आधी गाडी पालावर येते, पोरं पळतात आणि जो सापडतो तो चोर. इंग्रजांनी 1871 मधे गुन्हेगार जमातींचा कायदा केला, 31 ऑगस्ट 1952 ला तो गेला, पण पालावरच्या आजीला विचारा काय गेलं ते. आमच्याकडे एका बाईने मला सांगितलं, ताई, नवऱ्याला नेलं की मी पहिल्यांदा त्याचे कपडे बघते, चालत आला तर चप्पल घालता येते का बघते.

ओढ्याकाठचा, तुमचा भाऊ अनुसूचित जाती किंवा जमातीतला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचा मुद्दाही वकिलाला विचारा. आणि पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, वकील फुकट मिळतो. बायका, एससी-एसटी आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्नाची अटच नाही. 15100 हा नंबर आहे. मी वस्तीवर प्रत्येक झोपडीच्या दारामागे हा नंबर खडूने लिहून ठेवलाय.

पांढरा वाडा यांनी म्हटलं कलमं वाचून काही होत नाही. परभणीचं बघा. डिसेंबर 2024 मधे सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना वारला, कायद्याचा विद्यार्थी होता. आधी हृदयविकार म्हणून सांगितलं गेलं. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आलं. आई मागे हटली नाही, पैसे नको न्याय हवा म्हणाली. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला, जुलै 2025 मधे औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायला सांगितलं, राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही तो आदेश टिकला. पोरगा परत आला नाही हो. पण एका डॉक्टरच्या टीमने कागदावर खरं लिहिलं म्हणून ते दडपता आलं नाही.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो. रात्रीच सिव्हिलला नेलं. पहिल्यांदा ड्यूटीवरचे डॉक्टर टाळत होते, म्हणाले पोलिसांचं पत्र आणा मग एमएलसी करतो. अपघात विभाग यांनी लिहिलेलं मी मोबाईलवर दाखवलं, मावशी समोर उभी राहून म्हणाली डॉक्टर तुम्ही फक्त जे दिसतंय ते लिहा, तेव्हा केलं. दोन्ही तळपायांवर आडवे वळ, पाठीवर सहा, उजव्या मनगटाला सूज, सगळं मापासकट आलंय. कोणी मारलं तेही लिहिलंय. हाड मोडलेलं नाही. तो झोपेत दचकतोय, बाईकचा आवाज आला की उठून बसतो.

मावशी आता गप्प बसायचं म्हणत नाहीये. अर्ज लिहून झालाय, सकाळी एसपी ऑफिसला जातोय. विचारायचं होतं, त्या प्राधिकरणाचा कोणाला अनुभव आहे का? आणि परत बोलावलं तर जायचं का नाही? मोबाईलचं काय?

सह्याद्री_एसटी

प्राधिकरणाचा अनुभव आहे. माझ्या मेव्हण्याला गाडी ओव्हरटेकच्या भांडणावरून चौकीत नेऊन मारलं होतं, कानाचा पडदा फाटला. स्टेशनला अर्ज घेत नव्हते, एसपी ऑफिसला सुद्धा आत साहेबांना भेटा, आत साहेबांना भेटा करून फिरवत होते. तेव्हा तिथल्याच एका शिपायाने हळूच सांगितलं की साहेब बिहेब काही नाही, खाली बारनिशीत (आवक-जावक विभागात) द्या आणि शिक्का घ्या. तुम्ही पण तेच करा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. तोंडी बघतो म्हणाले तर निघू नका. शिवाय तोच अर्ज रजिस्टर एडीने पोस्टाने आणि ईमेलने पण पाठवा, तिन्हीच्या पावत्या एका फायलीत.

प्राधिकरण हे 2006 च्या प्रकाश सिंग निकालामुळे आलं, महाराष्ट्रात 2014 ला पोलीस कायद्यात बदल करून बसवलं, राज्य पातळीवर मुंबईत आहे आणि विभागीय पातळीवरही तरतूद आहे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, प्रक्रिया न पाळता अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी, हे सगळं त्यांच्याकडे जातं. आमच्याकडून प्रतिज्ञापत्र मागितलं. तारखा लागल्या, समोरचा पीएसआय वकील घेऊन यायचा. खरं सांगतो, वेळ जातो, प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, चौकशी करून शासनाला अहवाल पाठवतं. पण ज्या माणसाने चौकीत मारताना आम्हाला तुझ्यासारखे रोज येतात म्हटलं होतं, तो माणूस तिथे खुर्चीवर बसून मेव्हण्याच्या प्रश्नांची उत्तरं देत होता, हे मी बघितलंय. नंतर त्याची खातेनिहाय चौकशी लागली. मेव्हण्यावर कुठली केस पडली नाही, उलट त्यानंतर चौकीतली माणसं नीट बोलायला लागली.

मानवी हक्क आयोगाला उशीर करू नका, घटनेपासून एका वर्षाच्या आतलीच तक्रार घेतात.

पांढरा_वाडा

ठीक आहे, एमएलसी झालंय तर मग मागे फिरू नका. आमच्या आळीतल्या माणसाकडे अर्ज सोडून काहीच नव्हतं, दवाखान्यात तो गेलाच नव्हता. एक सुचवतो, एसपी ऑफिसला जाताना दोघं-चौघं जा, गावातला एखादा पंच किंवा शिक्षक बरोबर घ्या. एकट्या माणसाचा अर्ज आणि चार जणांसमोर दिलेला अर्ज यात फरक पडतो.

ॲड_कृष्णाकाठ

एकेक करून सांगतो.

परत बोलावलं तर: फोनवर बोलावलं तर नम्रपणे सांगा की साहेब लेखी नोटीस पाठवा, मी वकिलासोबत हजर होतो. आरोपी म्हणून हवा असेल तर 35(3) ची नोटीस, साक्षीदार म्हणून हवा असेल तर 179 ची. नोटीस आली तर मात्र नक्की जायचं, तारीख चुकवायची नाही, कारण नोटीस पाळली नाही हे अटकेचं कारण होऊ शकतं आणि पाळली तर कारणं लिहिल्याशिवाय अटक करता येत नाही. मावशीला जबाबाला बोलावतील, बाईला साक्षीसाठी स्टेशनला यायची सक्ती नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो. अंधार पडल्यावर कोणी न्यायला आलं तर 112 ला फोन लावा, कॉलची नोंद राहते, आणि वकिलाला लोकेशन पाठवा. खोट्या केसची भीती खरोखर वाटत असेल तर सेशन्स कोर्टात बीएनएसएस कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो, तुमच्या हातात एमएलसी आणि शिक्क्याचा अर्ज असेल तर त्या अर्जाला वजन येतं.

एसपींकडून काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात जायचं, कलम 175. सरकारी नोकराविरुद्ध असेल तर कोर्ट आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतं आणि त्याची बाजू ऐकतं, तेव्हा एका तारखेत आदेश होईल अशी अपेक्षा ठेवू नका. खटल्याला शासनाची मंजुरी लागते असा मुद्दा समोरून येईल. नव्या कायद्यात मंजुरीच्या अर्जावर 120 दिवसात निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात, आणि मुळात कोठडीत पट्ट्याने मारणं हे सरकारी कर्तव्यात येतच नाही हा युक्तिवाद आपण करणारच.

रेकॉर्डिंगचं कोणी विचारलं नाही पण सांगून ठेवतो, पोलीस स्टेशनात मोबाईलवर शूट केलं म्हणून शासकीय गोपनीयता कायदा (ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट) लावायची धमकी देतात. 2022 मधे नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलंय की पोलीस स्टेशन त्या कायद्यातली प्रतिबंधित जागा नाही, आणि गुन्हा रद्द केला. तरी तिथे हुज्जत घालू नका, उद्या तुमचं काम शिक्का घेणं आहे.

आता मोबाईल. जप्त करायचा असेल तर पंचनामा लागतो, जप्तीचं व्हिडिओ शूटिंग लागतं आणि मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. यातलं काहीच झालं नसेल तर तो नुसता काढून घेतलाय. अर्जात मोबाईलची कंपनी, रंग आणि आयएमईआय नंबर लिहा, बॉक्सवर असतो, बॉक्स सापडत नसेल तर बिलावर असतो. सिम ब्लॉक करून त्याच नंबरचं डुप्लिकेट घ्या म्हणजे ओटीपी तुमच्याकडे येतील. आणि घरातून निघायच्या आधी एमएलसीच्या कागदाच्या झेरॉक्स काढा, मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका, एसपी ऑफिसमधे मागितली तरी दाखवून परत घ्या. सकाळी अर्ज देण्याआधी मला इथे मेसेज टाका, एकदा वाचून देतो, फी बी काही नको.